सुरुवात राहिलेला पिक्चर

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच इंग्रजी पिक्चर पाहिला, आणि तोही पुरता नाही. एवढ्याशा भांडवलावर त्यांनी साठेक वर्षं लोकांना खिळवून ठेवलं आहे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि माझ्या तासाला पोरं मागच्या दारानं सटकतात. त्यामुळे या बाबतीत मला बाबांचा थोडा हेवा वाटतो आणि खूप अभिमान वाटतो.

तेव्हा ते मुंबईच्या गोदीत गोदामाच्या फाटकावर पहाऱ्याला होते. लग्न व्हायचं होतं. एकदा रात्रपाळी संपवून बाहेर पडले, खोलीवर जाऊन झोपायचं जिवावर आलं, आणि समोर थेटराला सकाळचा खेळ लागलेला दिसला. आत पंखे होते, म्हणून ते गेले. खेळ सुरू होऊन गेला होता. बॅटरीवाल्यानं त्यांना अंधारात एका खुर्चीत ढकललं आणि त्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांची गोष्ट इथूनच सुरू व्हायची, आणि शब्द कधी बदलायचे नाहीत: "मी आत शिरलो तेव्हा बाई खिडकीशी उभी होती. बाहेर धुकं. तिच्यामागे दोन पलंग."

पिक्चरचं नाव त्यांना माहीत नव्हतं, कारण नावाची पाटी आधीच येऊन गेली होती. नट कोण, तेही माहीत नव्हतं. इंग्रजी तर त्यांना 'यस सर'च्या पुढे येत नव्हतं. पण गोष्ट त्यांना कळली होती, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. लंडन शहर. लढाई नुकतीच संपलेली. तिथे एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहतात. भाऊ ड्रायव्हर, मनानं चांगला, पण वाईट संगतीला लागलेला. ती माणसं एक गोदाम फोडतात, भाऊ गाडी चालवतो, आणि चोरलेले उंची कोट आणून घराच्या तळघरात कोळशाखाली पुरतो. बहीण कोळसा आणायला जाते आणि तिच्या हाताला मऊ काहीतरी लागतं. इथे बाबा आपला हात पुढे करून बोटं अशी आखडायचे की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मग तिला भावाच्या खिशात बोटीची तिकिटं सापडतात. ती रडते. तो पळून जाणार, पुढची चोरी करणार, एक दिवस फासावर जाणार, हे तिला कळतं. ती कोपऱ्यावरच्या फोनपाशी जाते आणि पोलिसांना सांगते. शेवटी कोळशाच्या वखारीत पाठलाग. भाऊ वरून उडी मारतो, ढिगात पडतो, काळाठिक्कर होऊन उठतो आणि हात वर करतो. पाऊस पडत असतो. इन्स्पेक्टर आपला रेनकोट काढून बहिणीच्या खांद्यावर घालतो आणि म्हणतो, "बाई, आत गेलेला माणूस परत येतो. तुम्ही चांगलं केलंत."

ती दोघं बहीणभाऊच कशावरून, असं कुणी विचारलं की बाबांना चेव यायचा. एक तर पलंग दोन होते. मध्ये टेबल, टेबलावर दिवा. "नवरा-बायको असते, तर एवढ्या थंडीच्या मुलखात वेगळे झोपले असते काय?" दुसरं, ती त्याच्या ओठांचा नव्हे, कपाळाचा पापा घेत होती. तिसरं, तो तिला फार टरकून होता. "बायकोला एवढं कोण घाबरतं?" असं बाबा म्हणायचे, आणि आई होती तोवर ती यावर फक्त एक भुवई वर करायची.

लोक शेवटी विचारायचेच: पण सुरुवातीला काय होतं? त्यावर बाबा आधी खरं उत्तर द्यायचे, "सुरुवात तेवढी राहिली," आणि मग स्वतःची सुरुवात सांगायचे. लढाईत बाँब पडला, आई-बाप गेले, बहिणीनं भावाला वाढवलं. हे त्यांना सुचायला लंडनला जायची गरज नव्हती. बाबांचे आई-वडील लहानपणीच गेले होते आणि त्यांना त्यांच्या थोरल्या बहिणीनं वाढवलं होतं. ती माझी आत्या. बाबा तिला ताई म्हणतात.

आम्ही मूळचे पनवेलच्या खाडीकाठचे. जमीन आमची कधीच नव्हती. आमची माणसं दुसऱ्यांच्या मिठागरावर राबायची. आत्याही तशाच घरात दिली. आतोबा मिठागरावर होते, आणि आगराच्या कडेला त्यांची अवजारं ठेवायची एक झोपडी होती. बाबा गोदीतून सुट्टीला यायचे ते आत्याकडेच. पिक्चरची गोष्ट त्यांनी सगळ्यात आधी तिलाच सांगितली, चुलीपाशी बसून. आत्याला ती एवढी आवडली की ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. "तिनं चांगलं केलं का रे?" असं ती विचारायची आणि बाबा म्हणायचे, "चांगलंच केलं तिनं."

पुढे काय झालं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण घराबाहेर आम्ही कधी बोललो नाही. गोदीतल्या काही जणांनी बाबांना हाताशी धरलं. फाटकावरच्या माणसानं दुसरीकडे बघायचं, एवढंच काम. मग बघण्याबरोबर ठेवायचंही काम आलं. एका सुट्टीला बाबांनी परदेशी कापडाचे दोन गठ्ठे आणले आणि आतोबांच्या झोपडीत मिठाच्या गोणींमागे ठेवले. आत्या गोणी हलवायला गेली आणि तिच्या हाताला मऊ लागलं.

तिनं बाबांना सांगितलं, जा आणि स्वतः कबूल कर. बाबा हसले आणि मुंबईला निघून गेले. आत्यानं वाट पाहिली. मग एक दिवस ती डोक्यावरून पदर घेऊन, जन्मात पहिल्यांदा एकटी मुंबईला गेली, विचारत विचारत गोदीच्या फाटकावर पोचली, आणि मोठ्या साहेबांना भेटून माल कुठे आहे ते सांगून आली. बाबांना पाळीवरून उचललं. नोकरी गेली, काही महिने आत काढले. ज्यांनी बाबांना हाताशी धरलं होतं ते तेव्हा निसटले. त्यांनी पुढे दुसऱ्या गोदामात हात मारला, त्यात एक पहारेकरी मेला, आणि ते जन्मठेपेवर गेले. बाबा बाहेर असते तर त्यांच्यातच असते. हे मी म्हणत नाही, बाबाच म्हणतात.

तुरुंगातून सुटल्यावर बाबा ताईचं तोंड बघणार नव्हते. पण दिवाळी आली, आणि भाऊबीजेच्या दिवशी पाय आपोआप खाडीकडे वळले. आत्यानं पाट मांडून ठेवला होता. कोण येणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ओवाळलं. बाबांच्या खिशात ताटात टाकायला काही नव्हतं. त्यांनी विचारलं, "का केलंस?" आत्या म्हणाली, "मी काय केलं? त्या पिच्चरमदल्या बाईनं केलं तेच मी केलं. चांगलं केलं तिनं, असं तूच सांगलंस ना?"

स्वतःच्याच गोष्टीत माणूस असा सापडला की त्याला सुटायला जागा राहत नाही.

आत्या तेवढ्यावर थांबली नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने उभे राहत होते. ती बाबांना घेऊन एका कारखान्याच्या फाटकावर गेली आणि तिथल्या फोरमनला म्हणाली, "ह्यो माजा भाऊ. जेलात जाऊन आलाय. मीच पाठवलेला हाय, म्हनून मीच सांगते, आता चोरी नाय करनार." फोरमननं आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि त्यांना कामावर घेतलं. त्याच कारखान्यातून बाबा निवृत्त झाले. आमचं सानपाड्याचं घर त्या पगारातून झालं, माझं इंग्रजीतलं शिक्षण त्याच पगारातून झालं. मला कुणी विचारलं की तुमच्या घराचा पाया कुणी घातला, तर मी आत्याचं नाव सांगेन. पण आत्याला तसं म्हटलेलं चालत नाही. कौतुक करायला गेलं की ती हात झटकते. "मी काय केलं? त्या बाईनं केलं. मी आपलं बगून केलं."

तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळून झालं की बाबा पिक्चर सांगतात. आमच्याकडे आंघोळ, ओवाळणी, फराळ आणि पिक्चर, असा रिवाज आहे. आत्या डोळे मिटून ऐकते आणि रेनकोटाच्या जागी आली की डोळ्याला पदर लावते. दोघं म्हातारी झाली, खाडीकाठचं गाव इमारतींत गेलं, आत्या कामोठ्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, पण रिवाज मोडला नाही.

तो पिक्चर शोधायचं मी कधीपासून मनावर घेतलं होतं. असे पिक्चर तिकडे लढाईनंतर पोत्यानं निघत. मोठ्या पिक्चरच्या आधी दाखवायला तासाभराचा एक हवा असे, तो कमी पैशात, घाईघाईत काढलेला असे. त्यांत खून, चोरी, रेनकोट आणि धुकं हमखास. आता हौशी लोक ते इंटरनेटवर टाकत असतात. मी सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक उरकला की एकेक लावून बघायची. रेनकोट ढिगानं मिळाले, कोळशाची वखार मिळेना. बाबा शेजारी येऊन बसायचे, थोडं बघायचे आणि "हा नव्हे" म्हणून उठायचे.

यंदा दिवाळीच्या आधी एका दुपारी मी एक पिक्चर मधूनच चालवून पाहिला, आणि पडद्यावर एक बाई खिडकीशी उभी होती. बाहेर धुकं. तिच्यामागे दोन पलंग. मध्ये टेबल, टेबलावर दिवा. मी ओरडलेच, "बाबा, सापडला!" बाबा धावत आले, म्हणजे या वयात जेवढं धावता येतं तेवढं, आणि पडद्याकडे बघून मटकन खुर्चीत बसले. मला वाटलं आता पूर्ण बघतील. पण त्यांनी हातानं थांब म्हटलं. "ताईबरोबर बघू," ते म्हणाले, आणि लगेच कामोठ्याला फोन लावला. "ताई, पिक्चर मिळाला. भाऊबीजेला घेऊन येतो. सुरुवातीसकट!"

संध्याकाळी ते खाली कट्ट्यावर गेल्यावर मी तो पहिल्यापासून लावला. माझ्यानं राहवलं नाही.

पिक्चर फार गोड आहे, हे आधी सांगते. चोरांची गाडी आणि पोलिसांची गाडी एकच आहे. पुढच्या काचेचा तडा दोन्हीकडे दिसतो. दार जोरात लावलं की भिंत हलते. इन्स्पेक्टरच्या घरातला भिंतीचा कागद चोराच्या घरातही आहे. रस्ता दाखवायला पैसे नसावेत, म्हणून धुकं सोडलेलं आहे. तरी कुणी हात राखून काम केलेलं नाही. थोडक्या पैशात नीटनेटकं करणाऱ्या माणसांबद्दल मला आपलेपणा वाटतो, आमचं घरही तसंच उभं राहिलं आहे.

पण सुरुवात. सुरुवातीला एका सरकारी कचेरीत लग्न लागतं. तो आणि ती. हातात फुलं, बोटात अंगठी, दारात मित्र तांदूळ उडवतात. बहीण नव्हे, ती त्याची बायको होती. बाबा अंधारात चाचपडत खुर्चीत बसले तेव्हा हे लग्न होऊन गेलेलं होतं, आणि पुढे कुणी पुन्हा त्याचा उल्लेख करत नाही. मी पुढचं पाहत गेले तसं एकेक सुटत गेलं. पलंग वेगळे, कारण तेव्हाच्या तिकडच्या पिक्चरमध्ये नवराबायकोलासुद्धा एका पलंगावर दाखवत नसत. बोटीची तिकिटं दोन होती, आणि दुसरं तिकीट एका वेगळ्याच बाईच्या नावावर होतं. ती रडते ती त्यासाठी. फोन करते तो त्या रागानं. आणि इन्स्पेक्टर शेवटी रेनकोट घालून काय म्हणतो? "चला, तुम्हाला आता चहा लागेल." बस. आत गेलेला परत येतो वगैरे काही नाही. ते सगळं आमच्या बाबांचं.

बाबांचा पिक्चर या पिक्चरपेक्षा कितीतरी चांगला होता, हे मला तिथल्या तिथे पटलं. एवढं इंग्रजी शिकून मला ज्यातली एक ओळही लिहिता आली नसती, ते या माणसानं भाषा न कळता रचलं होतं. माझी छाती फुगली. आणि दुसऱ्याच क्षणी मला आत्या आठवली. नव्वदीला टेकलेली माझी आत्या. तिनं आपल्या पोटच्यासारख्या भावाला पोलिसांच्या हाती दिलं होतं, आणि सगळा जन्म ते ओझं त्या पडद्यावरच्या बहिणीच्या खांद्यावर ठेवलं होतं. ती बहीण नव्हतीच, एक चिडलेली बायको होती, हे तिला या वयात दाखवायचं? मला ते करवत नव्हतं.

म्हणून मी एक बेत केला. पिक्चर लावायचा तो बाई खिडकीशी उभी असते तिथूनच, बाबा आत शिरले तिथूनच. पुढचं मी मराठीत सांगायचं, बाबांच्या मराठीत. दोघांपैकी कुणाला इंग्रजी कळणार होतं?

भाऊबीजेला टॅक्सीनं कामोठ्याला निघालो. बाबांनी नवा शर्ट घातला होता आणि नेरूळपासून खारघरपर्यंत ते सुरुवातीबद्दलच बोलत होते. बाँब दाखवला असेल का, का नुसता आवाज? बहीण लहान दाखवली असेल तर ती मुलगी वेगळी असेल. मी मान हलवत होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

आत्यानं पाट मांडून ठेवला होता. ओवाळून झालं, करंजी झाली. तिच्या सुनेनं टीव्हीला माझा लॅपटॉप जोडायची वायर आणून दिली. आत्या खुर्ची पुढे ओढून बसली, चष्मा पुसला, पदर सारखा केला. मी पिक्चर लावला. बाई खिडकीशी उभी राहिली.

"हे नव्हे," बाबा म्हणाले. "हे मला पाठ आहे. पहिल्यापासून लाव."

"पहिलं खराब आहे, बाबा. फिल्म जुनी आहे, दिसत नाही."

"नाय दिसलं तर नाय दिसलं," आत्या म्हणाली. "लाव गो पोरी. ह्याची सुरुवात आमाला बगायची हाय."

मी बाबांना म्हटलं, जरा बाल्कनीत या. ते आले. खाली पोरं फटाके उडवत होती. मी दार ओढून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं, की ती त्याची बायको आहे, सुरुवातीला त्यांचं लग्न आहे, तिकीट दुसऱ्या बाईचं आहे, आणि आपण हे आत्याला न दाखवलेलंच बरं.

बाबा कठड्याला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "दोन पलंग होते गं."

"होते, बाबा. तिकडे तसंच दाखवत."

"हं." ते खाली पोरांकडे बघत होते. "म्हणजे मी एवढी वर्षं सगळ्यांना चुकीचं सांगितलं."

"तुम्ही जास्त चांगलं सांगितलंत," मी म्हटलं, आणि ते मी मनापासून म्हटलं. "मी मधूनच लावते. आत्याला काही कळणार नाही."

तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "ताईच्या घरात मी एकदा वस्तू लपवली होती," ते म्हणाले. "आता परत नाही लपवणार. लाव पहिल्यापासून."

ते दार उघडून आत गेले आणि आत्याच्या शेजारी बसले. मी मागे राहिले आणि डोळे पुसले. माझ्यासारख्या वाद घालायची सवय असलेल्या बाईला असं निरुत्तर करणारी माणसं थोडीच भेटतात, आणि त्यातलं एक माझ्या घरात होतं.

मी पहिल्यापासून लावला. वाजंत्री वाजली, नावं आली. मग एक रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला अर्धं पडलेलं घर, वरच्या मजल्याची भिंत उघडी, तिथे एक खुंटी तशीच राहिलेली. "बाँब तर पडलाच होता," बाबा हळूच म्हणाले. मग कचेरी. तो आणि ती. अंगठी, फुलं, तांदूळ.

आत्या पुढे वाकली. "लगीन कुनाचं?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आधी बाबा म्हणाले, "त्यांचं. त्या दोघांचं. ती बहीण नव्हती, ताई. मी उशिरा आत गेलो, त्यामुळं मला कळलं नाही."

पुढचा सगळा पिक्चर मी मराठीत सांगितला, आणि खरा सांगितला. दुसऱ्या बाईचं तिकीट सांगितलं. फोनवर ती काय बोलते ते सांगितलं. वखार आली, उडी आली, पाऊस आला, रेनकोट आला, आणि मी म्हटलं, "तो म्हणतोय, तुम्हाला आता चहा लागेल." आत्यानं या वेळी डोळ्याला पदर लावला नाही.

पिक्चर संपला. टीव्ही निळा झाला. सुनेला काय करावं कळेना, ती बिचारी म्हणाली, "चहा टाकू का?" आणि मला एकदम हसू येऊ लागलं ते मी दाबलं.

"म्हंजे त्या बाईनं नवऱ्याला दिला," आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"हो," बाबा म्हणाले.

"दुसरीपायी. रागानं."

"हो."

"भाऊ जिता ऱ्हावा म्हनून नाय."

"नाही, ताई. तिला भाऊच नव्हता."

आत्या विचारात पडली. तिच्या हाताची बोटं मांडीवरच्या पदराशी चाळा करत होती. मला तिच्या जवळ जाऊन बसावंसं वाटलं, तिला सांगावंसं वाटलं की काही बिघडलं नाही. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मी जागची हलले नाही. ती दुखावलेली दिसत नव्हती. काहीतरी जुळवून बघताना माणूस दिसतो तशी दिसत होती.

"मंग ते कोनी केलं?" तिनं विचारलं.

बाबांना प्रश्न कळला. "तू केलंस," ते म्हणाले. "कुणाचं बघून नाही. तूच केलंस, ताई."

आत्यानं मान वर केली. खुर्चीत सरळ बसली, पदर खांद्यावर नीट घेतला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, ऐकलंस का गो? पिच्चरमदी नव्हतंच ते. मीच केलं!"

सून चहाचं पातेलं हातात घेऊनच दारात आली. आत्यानं तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं: मिठाच्या गोणी, हाताला लागलेलं मऊ, गोदीचं फाटक, साहेबांची खुर्ची, कारखान्याचा फोरमन. आम्ही हे सगळं इतक्यांदा ऐकलं होतं, पण त्यात "त्या बाईनं केलं" हे पालुपद या वेळी एकदाही आलं नाही. प्रत्येक ठिकाणी "मी" होतं. बाबा ऐकत बसले होते आणि पहिल्यांदाच त्यांनी भाऊबीजेला पिक्चर सांगितला नाही.

पुढच्या रविवारी बाबा आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर बसले होते. मी भाजी घेऊन येत होते. त्यांना पिक्चर मिळाल्याचं कट्ट्यावर आधीच कळलेलं होतं, आणि एक काका विचारत होते, "काय हो, सुरुवात काय निघाली शेवटी?" मी पिशवी खाली ठेवून थांबले. गोदी, गठ्ठे, तुरुंग यातलं एक अक्षर बाबांनी आजवर या लोकांपुढे काढलं नव्हतं. त्यांनी पाय वर घेतले, घसा साफ केला, आणि मला वाटलं आता खिडकी, धुकं आणि दोन पलंग येतील.

"माझी एक बहीण आहे," बाबा म्हणाले. "कामोठ्याला असते."